मुलांसाठी टॅब घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर आलेल्या पत्रांत टॅबविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त होते. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मॉडेलं दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून नावांपेक्षा दुकानात काय तपासायचं यावर भर दिला आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले आकडे मुलांच्या कामाचे फारसे नसतात. कामाच्या गोष्टी तीन : स्क्रीनवरची अक्षरं किती स्वच्छ दिसतात, सुरक्षा अपडेट किती वर्षं येणार आणि टॅबवर खातं कोणाचं आहे.

प्रश्न : मुलगी सहावीत, मराठी माध्यमात आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधून वाचायची आणि दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ बघायचे, एवढाच उपयोग. पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार एक ८.७ इंची आणि एक १०.१ इंची टॅब दाखवतोय, किंमत जवळपास सारखीच. मोठा घ्यावा का? (बार्शी)

मोठा घ्या, पण एका अटीवर.

आधी मोठा का, ते पाहू. पाठ्यपुस्तकाचं पान ए-फोर कागदाएवढं, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद धरू. ८.७ इंची टॅब उभा धरला की स्क्रीनची रुंदी साधारण ११.३ सेंटिमीटर भरते. पान जवळजवळ निम्मं होतं आणि बारा पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटवर येतं. एवढं बारीक अक्षर वाचायचं तर मूल टॅब नाकाशी धरतं, नाहीतर सतत दोन बोटांनी पान ताणत बसतं. १०.१ इंची टॅबवर उभी रुंदी १३.६ सेंटिमीटर मिळते, तेच अक्षर पावणेआठ पॉइंटचं दिसतं. हाच टॅब आडवा केला की रुंदी २१.७ सेंटिमीटर होते, म्हणजे पान मूळ मापात दिसतं. एका वेळी अर्ध्याहून कमी पान दिसेल आणि ते सरकवत वाचावं लागेल, पण डोळ्यांना ताण नाही. गणित आणि भूगोल आडव्या टॅबवर वाचायची सवय लावा.

आता अट. या किमतीतल्या पुष्कळ १०.१ इंची टॅबना १२८० × ८०० पिक्सेलचीच स्क्रीन असते. तेवढे पिक्सेल दहा इंचांवर पसरले की एका इंचात सुमारे १४९ येतात. इंग्रजी मजकूर यावर चालून जातो. मराठीत मात्र ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘ऱ्या’, रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ उकार या सगळ्या बारीक खुणा थोड्याच पिक्सेलमध्ये बसवाव्या लागतात आणि त्या एकमेकींत मिसळतात. १९२० × १२०० पिक्सेलची १०.१ इंची स्क्रीन इंचाला २२४ पिक्सेल देते आणि फरक पहिल्याच पानाला दिसतो. ८.७ इंची टॅबवर सहसा १३४० × ८०० पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला १७९. थोडक्यात, मोठ्या टॅबच्या खोक्यावर १९२० × १२०० छापलेलं असेल तर तो घ्या. १२८० × ८०० असेल तर ठेवून द्या. मग छोटा घेतलेला बरा, किंवा दोन-तीन हजार वाढवून चांगल्या स्क्रीनचा मोठा.

दुकानात जाताना ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या पुस्तकाची पीडीएफ फोनमध्ये उतरवून न्या आणि टॅबवर पाठवून उघडा. नकाशातली गावांची नावं आणि चौकटीतला बारीक मजकूर मुलीलाच वाचायला सांगा. दुकानातला चकचकीत नमुना-व्हिडिओ बघून स्क्रीनची पारख होत नाही.

बाकीच्या बाबी. रॅम खरी ४ जीबी हवी. ‘४ + ४ जीबी’ असं लिहिलेलं असतं त्यातले दुसरे चार म्हणजे साठवणुकीतली जागा रॅमसारखी वापरणं. तिचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही नसतो, म्हणून ते चार मोजू नका. साठवण ६४ जीबीपेक्षा कमी नको, कारण प्रणाली आणि आधीपासून घातलेली ॲप त्यातले पंधरा-वीस जीबी घेतात. मेमरी कार्डाची खाच असेल तर पीडीएफ आणि व्हिडिओ कार्डावर ठेवता येतात. ॲप मात्र बहुतेक टॅबवर आतच राहतात, त्यामुळे ‘कार्ड घालू की’ म्हणून ३२ जीबीचा टॅब घेऊ नका.

दीक्षासाठी मागचा कॅमेरा ऑटोफोकसचा आहे का, ते बघा. स्वस्त टॅबचा कॅमेरा एका ठरावीक अंतरावरच स्पष्ट बघतो आणि पुस्तकातला छोटा क्यूआर कोड त्याला पुसट दिसतो. पाठ्यपुस्तक सोबत नेऊन कोड स्कॅन करून बघा. घेतलेल्या टॅबला तो वाचता आला नाही, तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं दीक्षामध्ये टाइप केली तरी तोच धडा उघडतो.

शेवटी सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’मध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. नव्या खोक्यातला टॅब इंटरनेटला जोडून अपडेट केल्यावरही ती तारीख वर्षाहून जुनी राहत असेल, तर कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली आहे असं समजा. सहावीतल्या मुलीला हा टॅब दहावीपर्यंत पुरायला हवा.

प्रश्न : ऑनलाइन एक दहा इंची टॅब पाच हजारांत मिळतोय. १२ जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण, दहा कोअरचा प्रोसेसर, सोबत कीबोर्ड आणि कव्हर. घेऊन बघावा का? (नाशिक)

घेऊ नका. या किमतीत एवढे भाग बसतच नाहीत. अशा टॅबमध्ये प्रणालीत फेरफार करून खोटे आकडे दाखवलेले असतात. आत २ जीबी रॅम आणि १६ किंवा ३२ जीबी साठवण निघते. खरी जागा संपली की नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि फोटो, पीडीएफ उघडेनासे होतात. त्याहून वाईट म्हणजे काहींच्या प्रणालीतच जाहिराती दाखवणारी किंवा माहिती बाहेर पाठवणारी ॲप बसवलेली असतात. फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळं पुसून टॅब नव्यासारखा केला, तरी ती जात नाहीत. मुलाच्या हातात असं यंत्र देऊ नये, एवढं आम्ही ठामपणे सांगतो.

कोणताही अनोळखी कंपनीचा टॅब आधीच घेऊन झाला असेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी तपासा. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर, मग सेटिंग्ज आणि ‘अबाउट’वर जा. तिथे प्ले प्रोटेक्टच्या ओळीत टॅब प्रमाणित आहे असं लिहिलेलं हवं. दुसरं, खोक्यावर किंवा टॅबच्या पाठीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की नोंदणी कोणत्या कंपनीच्या नावाने आहे, ते दिसतं. नाव जुळत नसेल किंवा क्रमांकच नसेल, तर टॅब परत करा.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे. टॅब घेतला, माझ्याच गूगल खात्याने सुरू केला आणि आता तो मला न विचारता गेम उतरवतो, काहीही बघतो. फॅमिली लिंक नीट कसं लावायचं? (डोंबिवली)

अडचणीचं मूळ तुमच्या वाक्यातच आहे : टॅबवर खातं तुमचं आहे. मोठ्या माणसाचं खातं असलेल्या टॅबला समोर मूल आहे हे कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा दुरुस्ती अर्धवट न करता पहिल्यापासून करा. टॅबवरचे फोटो काढून घ्या, सेटिंग्जमधून तुमचं खातं काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलात, तर टॅब पुन्हा तुमचाच पासवर्ड मागत अडून बसू शकतो.

मग तुमच्या फोनवर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांच्या नियंत्रणाचं ॲप घेऊन मुलाचं खातं तयार करा. जन्मतारीख खरीच घाला. ‘कटकट नको’ म्हणून पुष्कळ पालक मुलाला अठरा वर्षांचा करून टाकतात आणि मग नियंत्रणं का दिसत नाहीत म्हणून विचारतात. तेरा वर्षांखालच्या खात्यालाच ही नियंत्रणं पहिल्यापासून जोडलेली येतात. रीसेट झालेला टॅब सुरू करताना पहिलं आणि एकमेव खातं मुलाचं घाला. मध्ये तुमचा पासवर्ड विचारला जाईल. तो तुम्ही स्वतः, मुलाला दिसणार नाही असा टाका.

आता फोनवरून नियम लावा. प्ले स्टोअरच्या भागात प्रत्येक नव्या ॲपला तुमची परवानगी लागेल असं ठेवा, फुकटच्या ॲपलासुद्धा. खरेदीलाही परवानगी सक्तीची करा आणि मुलाच्या खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडूच नका. क्रोममध्ये आठ वर्षांच्या मुलासाठी ‘फक्त मंजूर केलेली संकेतस्थळं’ हा पर्याय योग्य. सुरुवातीला रोज एक-दोन परवानग्या द्याव्या लागतील, पंधरवड्यात ते थांबतं. युट्यूबसाठी युट्यूब किड्स घ्या आणि त्यात पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनेल दिसतील अशी सोय आहे ती वापरा. लहान मुलांसाठी युट्यूबवरची तीच एक सोय आम्हाला भरवशाची वाटते. बाकीच्या पातळ्यांवर निवड यंत्र करतं आणि रंगीबेरंगी निरर्थक व्हिडिओ त्यातून सहज सुटून येतात.

वेळेचे नियम दोन प्रकारचे असतात. रात्री साडेआठ ते सकाळी सात टॅब बंद, हा एक. दिवसभरात एकूण किती वेळ, हा दुसरा. दोन्ही लावा. दीक्षा, शब्दकोश, वाचनाची ॲप ‘नेहमी चालू’ या गटात टाकता येतात, म्हणजे खेळण्याची वेळ संपली तरी अभ्यास अडत नाही. आणि गेमना ॲपनिहाय वेगळी मर्यादा द्या, नाहीतर सगळा वेळ एकाच गेममध्ये जातो.

एवढं करूनही कुठे चुकतं? फोनवर बदललेला नियम टॅब इंटरनेटला जोडलेला असेल तरच त्याच्यापर्यंत पोचतो, म्हणून वाय-फाय बंद असलेल्या टॅबवर जुनाच नियम चालत राहतो. दुसरं, टॅबवर ‘गेस्ट’ युजरची सोय चालू असेल तर मूल त्यातून आत शिरतं. सेटिंग्जमधल्या ‘युजर्स’मध्ये ती बंद करा. तिसरं, तुमचा पासवर्ड किंवा पिन मुलाला पाठ असतो. तो बदला. आणि चौथं, सर्वांत महत्त्वाचं : ॲपच्या आतल्या जाहिराती आणि गप्पांच्या खिडक्या फॅमिली लिंक अडवत नाही. गेमला परवानगी देण्याआधी तो स्वतः दहा मिनिटं खेळून बघा. दर दोन मिनिटांनी जाहिरात येत असेल किंवा अनोळखी लोकांशी बोलायची सोय असेल, तर परवानगी नको. खान अकॅडमी किड्स, स्क्रॅच ज्युनियर ही फुकट आणि जाहिरात नसलेली ॲप आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचता आणि उतरवता येतात, त्या वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत.

मुलगा तेरा वर्षांचा व्हायच्या सुमारास गूगलकडून खात्याबद्दल ईमेल येतो. तो न वाचता पुसू नका. पुढे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते मुलाला बरोबर घेऊन ठरवा.

प्रश्न : तीन वर्षांचा नातू टीव्ही किंवा मोबाइल समोर असल्याशिवाय जेवत नाही. त्याच्या वाढदिवसाला लहान मुलांचा टॅब द्यावा असं मनात आहे. कोणता द्यावा? (चिपळूण, एक आजोबा)

आजोबा, कोणताच देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, आणि त्याहून कमी असेल तितकं चांगलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी एक तासाचीच मर्यादा सांगते, तीही मोठ्या माणसाच्या सोबतीने. त्या तासासाठी घरातला टीव्ही पुरतो. तो लांब असतो आणि बरोबर बसून बघता येतो.

जेवणाचं म्हणाल, तर स्क्रीनकडे बघणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि घास चावण्याकडेही लक्ष राहत नाही. स्क्रीन काढल्यावर काही दिवस तो कमी जेवेल, रडेल. ताट वीस-पंचवीस मिनिटं समोर ठेवा, मग न रागावता उचला आणि पुढच्या जेवणापर्यंत मधलं खाणं देऊ नका. वजन घटत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यावर कोणत्याही तज्ज्ञाचा आक्षेप नाही. ते जरूर चालू ठेवा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे, चित्रं फार छान काढते. तिच्यासाठी आयपॅड घ्यावा की पेन मिळणारा अँड्रॉइड टॅब? (इंदूर)

चित्रांसाठी पेन आधी ठरवा, टॅब नंतर. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारं रबरी टोकाचं किंवा पारदर्शक चकतीचं पेन म्हणजे टॅबच्या लेखी दुसरं बोटच. जोर दिला तरी रेघ जाड होत नाही आणि तळहात टेकला की तिथेही डाग उमटतो. मग मूल हात अधांतरी धरून चित्र काढतं आणि थोड्याच वेळात मनगट दुखतं. टॅब ज्या पेनसाठी बनवलेला आहे तेच पेन हवं.

आयपॅडमध्ये एक खाचखळगा आहे जो दुकानात कोणी सांगत नाही. साध्या आयपॅडबरोबर यूएसबी-सी असलेलं ॲपल पेन्सिल चालतं, पण त्याला दाब कळत नाही. चित्र काढणाऱ्या मुलीला दाबच हवा. दाब ओळखणारं पहिल्या पिढीचं ॲपल पेन्सिल याच आयपॅडवर चालतं, मात्र यूएसबी-सी असलेल्या आयपॅडला ते जोडायला आणि चार्ज करायला एक छोटा ॲडॉप्टर लागतो. पेन्सिल घेताना खोक्यात तो आहे का, ते बघा. साध्या आयपॅडची काच आणि खालची स्क्रीन एकमेकींना चिकटवलेली नसते. पेनचं टोक आणि रेघ यांच्यात त्यामुळे किंचित अंतर दिसतं, पण पडून फुटली तर नुसती काच बदलता येते. दहा वर्षांच्या मुलीसाठी आम्हाला हा गुणच वाटतो. कार्डाची खाच आयपॅडला नसते. २०२५ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडची सुरुवात १२८ जीबीपासून होते आणि ती चित्रांना पुरते.

अँड्रॉइडमध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस६ लाइटच्या खोक्यात दाब ओळखणारं एस पेन येतं. त्याला चार्ज करावं लागत नाही आणि एकूण खर्च आयपॅड अधिक पेन्सिलपेक्षा बराच कमी होतो. पैशांची ओढाताण असेल तर हा मार्ग घ्या. क्रिटा हे चित्रकलेचं मुक्त सॉफ्टवेअर अँड्रॉइड टॅबवर फुकट आहे. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर आहे. ते एकदाच विकत घ्यावं लागतं.

कोणताही घ्या, दुकानात एक चाचणी करा. तळहात स्क्रीनवर टेकवून पट्टीच्या कडेने एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. ती नागमोडी उमटली तर पेन आणि स्क्रीनचा मेळ कच्चा आहे. मग हलक्या हाताने सुरू करून दाब वाढवत न्या. रेघ जाड व्हायला हवी.

भावंडं असतील तर आणखी एक गोष्ट : आयपॅडवर घरगुती वापरासाठी प्रत्येकाला वेगळा युजर करता येत नाही. अनेक अँड्रॉइड टॅबवर येतो.

प्रश्न : मुलाचा मामा अमेरिकेहून ॲमेझॉनचा फायर किड्स टॅब आणतो म्हणतोय. इथे चालेल का? (म्हापसा)

सुरू होईल. त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त चपट्या पिनांना इथला ॲडॉप्टर लागेल. पण उपयोग अर्धाच मिळेल. त्यावर गूगलचं प्ले स्टोअर नसतं, ॲमेझॉनचं स्वतःचं दुकान असतं. शाळा सांगते ती ॲप तिथे मिळतीलच असं नाही, फॅमिली लिंक चालत नाही आणि मुलांसाठीचा पुस्तकं-व्हिडिओंचा संच अमेरिकेतल्या खात्याला जोडलेला असतो. फुटल्यास बदलून देण्याची त्यांची दोन वर्षांची हमी मोठं आकर्षण आहे, पण टॅब भारतात असताना तिचा फायदा घेणं अवघड. काही जण प्ले स्टोअर आडमार्गाने बसवतात. मुलाच्या टॅबवर ते करू नका, पालकांची नियंत्रणं त्यातच ढिली पडतात. मामांना आणायचाच असेल तर वाय-फायचा आयपॅड आणू दे.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी विचारलं तर उत्तर वेगळं आहे. तिथे तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी तो किफायतशीर आहे आणि मराठी गोष्टी ब्राउझरमधून वाचता येतात.

प्रश्न : सिमकार्डाचा घ्यावा की फक्त वाय-फायचा? (सातारा)

घरात वाय-फाय किंवा पालकांच्या फोनचा हॉटस्पॉट असेल तर फक्त वाय-फायचा. दोन-तीन हजार वाचतात, आणि पालक नसताना नेट नसणं हेही मुलांच्या बाबतीत नियंत्रणच आहे. आईवडील दिवसभर शेतावर किंवा कामावर असतात आणि फोन त्यांच्याबरोबर जातो, तिथे सिमचा घ्या. सिमच्या टॅबला आयएमईआय हा त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळे चोरीला गेल्यास पोलिस तक्रारीनंतर संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. बिल आणि क्रमांकाचा फोटो जपून ठेवा.

प्रश्न : जुना टॅब घ्यायचा विचार आहे. काय तपासावं? (जळगाव)

पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर स्वतःचं खातं काढून रीसेट करायला सांगा आणि टॅब नव्याने सुरू करून मुख्य पडद्यापर्यंत पोचा. मध्ये जुन्या मालकाचं खातं मागितलं गेलं, किंवा आयपॅडवर ॲक्टिव्हेशन लॉक दिसलं, तर व्यवहार थांबवा. ‘पासवर्ड नंतर पाठवतो’ यावर विसंबू नका. सिमचा टॅब असेल तर केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग एक जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. क्रमांक चोरीच्या यादीत असल्यास उत्तरात कळतं.

बॅटरीसाठी उजेड पूर्ण वाढवून अर्धा तास व्हिडिओ चालवा. दहा टक्क्यांहून बरीच जास्त उतरली तर ती थकली आहे. चित्रकलेचं ॲप उघडून बोटाने सगळी स्क्रीन कडांसकट जवळजवळ रेघांनी भरा. जिथे रेघ तुटते तिथे स्पर्श गेलेला आहे. चार्जिंगची पिन घालून हलकेच हलवा, चार्जिंग तुटलं तर खाच सैल झाली आहे.

वयही बघा. २०१८ चा सहाव्या पिढीचा आयपॅड आयपॅडओएस १७ वर थांबला, २०१९ चा सातव्या पिढीचा १८ वर. नवी ॲप हळूहळू अशांवर उतरेनाशी होतात. आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका.

प्रश्न : मुलगा अकरावी विज्ञानला आहे. सीईटी आणि जेईईच्या तयारीला टॅब पुरेल का? (लातूर)

व्हिडिओ आणि नोट्ससाठी पुरेल, सराव परीक्षांसाठी नाही. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन संगणकावर होतात. माउसने पर्याय निवडणं, स्क्रीनवर प्रश्न वाचून कागदावर कच्चं काम करणं याची सवय संगणकावरच होते. तेव्हा पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर वापरलेला पण चांगल्या स्थितीतला लॅपटॉप घ्या. फक्त नीटची तयारी असेल तर टॅब चालेल, कारण ती परीक्षा ओएमआर कागदावर होत आली आहे. मुलगा इतर मागास वर्ग, विमुक्त-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल, तर नागपूरच्या महाज्योती संस्थेच्या प्रशिक्षण योजनेची जाहिरात बघा. त्या योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्यांना टॅब मोफत दिले गेले आहेत.

प्रश्न : डोळ्यांसाठी निळा प्रकाश अडवणारा चष्मा किंवा काच घ्यावी का? हेडफोन कोणता द्यावा? (पुणे)

चष्म्यावर आणि काचेवर पैसे घालवू नका. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात याला आधार नाही आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी असे चष्मे सुचवत नाही. त्रास होतो तो जवळून आणि सलग बघण्याने. मुलाने मूठ गालाशी धरल्यावर कोपर जिथे येतं, निदान तेवढ्या अंतरावर टॅब असावा. म्हणून हातात न देता स्टँडवर ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघायला लावा. चष्म्याचा नंबर लागू नये यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे रोज दिवसाउजेडी सुमारे दोन तास घराबाहेर खेळणं.

हेडफोनवर ‘८५ डेसिबल’ असं छापलेलं पाहून निर्धास्त होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबल, तेही आठवड्याला ४० तासांपर्यंत, अशी मर्यादा आहे. टॅबचा आवाज निम्म्यावर ठेवा. नव्या साध्या आयपॅडला जुन्या हेडफोनची गोल पिन बसत नाही, तेही लक्षात असू द्या.

प्रश्न : टॅब चार्ज व्हायला सात तास लागतात आणि उन्हाळ्यात खूप तापतो. बिघडला आहे का? (चंद्रपूर)

बहुधा चार्जरच लहान आहे. सात हजार एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे २७ वॉट-तास. जुन्या फोनच्या पाच वॉटच्या चार्जरने तिला सहा-सात तास लागणारच. चार्जरवर व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. ५ व्होल्ट आणि १ अँपिअर असेल तर बदला. टॅबच्या माहितीपत्रकात जेवढे वॉट दिले आहेत तेवढा, बीआयएस चिन्ह असलेला चार्जर आणि चांगली केबल घ्या. मग तीन तासांच्या आसपास काम होईल.

उष्णतेचं म्हणाल, तर आयपॅडसाठी ॲपल भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच योग्य मानते. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी घरातच त्याहून जास्त असतं. मुलांसाठीचं जाड फोमचं कव्हर उष्णता आत कोंडतं. चार्ज करताना ते काढा, टॅब फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवा, गादी-उशीवर नको. चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करा आणि चार्जिंग चालू असताना मुलाला गेम खेळू देऊ नका. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंग्जमध्ये असेल तर ती चालू ठेवा. उन्हाळ्यात बॅटरी त्याने बरीच जास्त टिकते.

स्क्रीन एका कडेने वर उचललेली दिसली, किंवा सपाट टेबलावर टॅब डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. मुलाच्या हाती लागणार नाही अशा थंड जागी ठेवा आणि अधिकृत सेवा केंद्रात न्या. बॅटरी तिथे बदलून मिळते आणि जुनी ई-कचऱ्यात जमा होते.